ताई, जरा स्ट्राँग गोळी द्या

आमचं मेडिकल आहे कोकणात, तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडजवळ. मुंबईवरून रात्रभर बसून आलेली कंबर, भात लावून धरलेली पाठ, दाढेचा ठणका, पाळीच्या कळा, सगळं आधी आमच्या काउंटरवर येतं आणि मग जमलं तर डॉक्टरकडे जातं. मागणी ठरलेली, "ताई, जरा स्ट्राँग द्या."

प्रत्येकाची आपली गोळी पण ठरलेली असते. एकाला कॉम्बिफ्लामशिवाय चालत नाही, त्याच्याच बायकोला कॉम्बिफ्लामने पोटात नुसती आग पडते आणि फरक शून्य, पण साध्या क्रोसिनवर ती तासाभरात कामाला लागते. सख्खे भाऊ, एकाच डॉक्टरकडे हर्नियाचं ऑपरेशन, एकच चिठ्ठी, एक तिसऱ्या दिवशी बाजारात फिरतोय आणि दुसरा आठवडाभर कण्हतोय. मग जो कण्हतो त्याला ऐकावं लागतं, "एवढ्या गोळ्या खाऊन पण तुझं आपलं चालूच." सिझर झालेल्या मुलींना तर हे सासरी आणि माहेरी दोन्हीकडे ऐकवतात, आमच्या काउंटरसमोर उभं राहून पण ऐकवतात, आणि मला ते फार लागतं. कारण गोळी लागू न पडण्याला शरीरातली खरीखुरी कारणं असतात आणि त्यातली बरीचशी आता माहीत पण झालीयेत, फक्त ती कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट कंपनीवाले सांगत नाहीत आणि आम्ही पण सांगत नाही कारण धंदा आहे. दुखण्याची कुठलीच गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. ऑपरेशननंतर किंवा अक्कलदाढ काढल्यावर लोकांना पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम देऊन झालेले अभ्यास एकत्र केले तर साधारण निम्म्या लोकांचं दुखणं निम्म्याने तरी कमी होतं, बाकीच्यांचं तेवढंही नाही. आणि ज्यांना नुसती खोटी गोळी, म्हणजे आत औषधच नसलेली, दिली होती त्यांच्यातल्याही पाचात एकाला तेवढाच आराम पडला. आयब्युप्रोफेन ४०० जरा बरं, पण तेही निम्म्याच्या थोडंसंच पुढे. ऑक्सफर्डचे अँड्र्यू मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सरळ लिहिलं की वेदनेची गोळी फेल जाणार हे डॉक्टरने आधीच धरून चालावं, आणि गेली की तीच रेटत न बसता दुसरी बघावी. त्यांचा मुद्दा असा की सरासरी आकडा फसवतो, कारण सरासरी आराम कोणालाच मिळत नसतो, काहींना भरपूर मिळतो आणि काहींना जवळजवळ काहीच नाही, मधले लोक कमी.

आता असं का, याचं सगळ्यात भारी उदाहरण कोडीन. खोकल्याच्या औषधातलं ते कोडीन, तेच दुखण्यावर पण देतात. पण कोडीन स्वतः फारसं काहीच करत नाही. ते म्हणजे न सोललेला नारळ. लिव्हरमध्ये एक एन्झाइम आहे, सीवायपी२डी६ असं त्याचं अवघड नाव, ती सोलणी. ती कोडीनचं मॉर्फिन करते आणि ते मॉर्फिन वेदना थांबवतं. ट्रॅमाडॉलचं पण असंच, त्याचं दुखणं कमी करण्याचं मोठं काम ह्याच एन्झाइमने बनवलेल्या पदार्थाकडून होतं. आता ही सोलणी कोणाच्या घरी कशी आहे हे जन्मतःच ठरतं, बाविसाव्या क्रोमोसोमवर तिचा जीन आहे. काहींच्या घरी ती नाहीच. युरोपियन लोकांत शंभरात पाच ते दहा असे निघतात, आपल्याकडे त्याहून कमी, पण आहेत. त्यांना कोडीन द्या, ट्रॅमाडॉल द्या, मळमळ होईल, चक्कर येईल, दुखणं काही हलायचं नाही. त्यांना बिचाऱ्यांना "ह्याला काहीच लागू पडत नाही" किंवा सरळ "नाटकं करतो" असं लेबल लागतं.

आणि काहींच्या घरी एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन सोलण्या, म्हणजे जीनच्याच जास्तीच्या कॉप्या. इथिओपियातल्या एका अभ्यासात शंभरात तब्बल २९ जण असे निघाले होते. ह्यांचं कोडीन झटपट मॉर्फिन होतं आणि साधा डोससुद्धा ओव्हरडोस होऊ शकतो. अमेरिकेत टॉन्सिल्सच्या ऑपरेशननंतर लहान मुलांना कोडीन दिलं आणि काही मुलं झोपेतच श्वास मंदावून गेली, त्यातली काही अशीच फास्टवाली निघाली. त्यानंतर तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१३ मध्ये टॉन्सिलवाल्या मुलांसाठी सगळ्यात कडक वॉर्निंग टाकली आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही नको असं ठरवलं. डॉक्टरने नीट मोजून दिलेला डोस, आईने नीट मोजून पाजलेला, आणि तरी. हे वाचलं तेव्हापासून कोणी "मोठ्या पोराच्या वेळचं सिरप उरलंय, धाकट्याला देऊ का" विचारलं की मी आधी बाटली आणायला लावते.

हे एन्झाइम सापडलं त्याचा किस्सा पण सांगण्यासारखा आहे. सत्तरच्या दशकात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाचे संशोधक होते, ते आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन नावाची ब्लड प्रेशरची गोळी स्वतःवरच तपासत होते. बाकीच्यांना विशेष काही झालं नाही, आणि स्मिथसाहेबांचं प्रेशर असं कोसळलं की उभं राहता येईना. गोळी तीच, डोस तोच. दुसरा कोणी असता तर 'मला सूट झाली नाही' म्हणून सोडून दिलं असतं, हे मागे लागले आणि १९७७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं की ही गोळी मोडण्याची ताकदच काही लोकांत जन्मतः कमी असते. ते स्वतः त्यातले होते.

सोलणी चांगली असून पण अडकू शकते, आणि हा भाग घरोघरी माहीत हवा. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ह्या डिप्रेशनच्या गोळ्या ह्याच एन्झाइमला बांधून ठेवतात. म्हणजे बाई डिप्रेशनची गोळी घेत्येय, पाय मोडला, ट्रॅमाडॉल दिलं, लागू पडत नाही. वर ट्रॅमाडॉल आणि ह्या गोळ्या एकत्र आल्या की सेरोटोनिन वाढून घाम, थरथर, घाबरं होणं, कधी झटके असंही होऊ शकतं. पण आपल्याकडे डिप्रेशनची गोळी लपवून घेतात, हाडाच्या डॉक्टरला सांगत नाहीत, नवऱ्यासमोर तर नाहीच नाही. मी काउंटरवर हळू आवाजात "अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत का" विचारते तेव्हा आधी "नाही" येतं, आणि पाच मिनिटांनी एकटीच परत येऊन सांगतात. (ट्रॅमाडॉल २०१८ पासून नार्कोटिक्सच्या कायद्यात गेलंय, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मागू नका, दोघांनाही त्रास.)

आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचं उलटं आहे. त्या सोललेल्याच येतात, पण शरीरातून बाहेर काढायला सीवायपी२सी९ नावाचं दुसरं एन्झाइम लागतं, ते कोणाचं हळू चालतं. त्यांच्या अंगात औषध साठत राहतं, म्हणून त्याच डोसवर एकाचं पोट बिघडतं आणि एकाला कळतसुद्धा नाही.

मॉर्फिन तर थेट टोचतात, मग तिथे तरी सगळे सारखे असायला हवेत ना? नाहीत. सिंगापूरमध्ये सिझर झालेल्या बायकांना बटण दाबून स्वतः मॉर्फिन घ्यायची सोय देऊन अभ्यास केला, चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या बायका, हॉस्पिटल एकच. भारतीय बायकांना दुखणं सगळ्यात जास्त आणि मॉर्फिनही त्यांनाच सगळ्यात जास्त लागलं. मॉर्फिन मेंदूत जिथे जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरच्या जीनमध्ये एका अक्षराचा फरक असतो, ओपीआरएम१ म्हणतात त्या जीनला, आणि तो फरक आई आणि वडील दोघांकडून आलेल्या बायकांना जास्त डोस लागला. सगळं उत्तर त्या एका अक्षरात नाहीये, पण "आमच्या वेळी नव्हतं बाई असं" म्हणणाऱ्या सासूबाईंना मी हे एकदा ऐकवलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सिंगापूरच्या बायका नाजूकच असणार.

आता जीन वगैरे सगळं ठीक असून गोळी लागू पडत नाही याचं सगळ्यात कॉमन कारण, म्हणजे मी रोज बघते ते, गोळी त्या दुखण्याची नसतेच. आमच्याकडे एक आज्जी यायच्या, शुगर जुनी, तळपायाची रात्री आग व्हायची, मुंग्या, चादरीचा स्पर्श पण नको. त्यांनी डायक्लोफिनॅक खाऊन झालं, कॉम्बिफ्लाम खाऊन झालं, शेजारणीची गुडघ्याची गोळी पण खाऊन झाली. ह्या सगळ्या गोळ्या सूज आणि जखमेच्या दुखण्याच्या आहेत. शुगरने नसच खराब झाली की ती काहीही जखम नसताना आपोआप सिग्नल पाठवत बसते, तिथे सूज कमी करून काय होणार. त्याला अमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन असल्या गोळ्या लागतात ज्या नसेवर आणि मेंदूवर काम करतात. डॉक्टरांनी आज्जींना रात्रीची छोटी अमिट्रिप्टिलिन लिहिली, तर नातवाने मोबाइलवर बघितलं आणि घरात बोंब, "डॉक्टर आजीला डिप्रेशनची गोळी देतोय, म्हणजे त्यांना वाटतंय की आजी सोंग करते." आज्जींनी गोळी बंद. आमचा पाऊण तास त्यात गेला, की बाबा डिप्रेशनला देतात त्याच्यापेक्षा कितीतरी छोटा डोस आहे, काम वेगळं आहे, दोन-तीन आठवडे जाऊ देत, लगेच फरक पडणारी गोळीच नाही ही. घेतली शेवटी. आग पूर्ण गेली नाही पण झोप लागायला लागली, आणि त्यांच्या मते तेच मोठं.

आणि इथेही नशीब आहेच. नसेच्या दुखण्यावरचे अभ्यास गोळा करून २०१५ मध्ये हिशोब मांडला गेला, त्यात अमिट्रिप्टिलिनच्या गटातल्या गोळ्या साधारण चार जणांना दिल्या तर एकाला खोट्या गोळीच्या वर खरा फरक पडतो, प्रीगॅबालिन सात-आठ जणांना द्यावं तेव्हा एकाला. म्हणजे बहुतेकांना पहिली गोळी बदलावीच लागते. डॉक्टरने गोळी बदलली की "त्यालाच कळत नाहीये" म्हणून लोक डॉक्टर बदलतात आणि नवीन डॉक्टर पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरू करतो.

मायग्रेनचं पटकन सांगते. मायग्रेनमध्ये पोटच मंदावतं, गोळी आतड्यात पोचतच नाही तर रक्तात कुठून जाणार. म्हणून सुरुवातीलाच घेतलेली गोळी चालते आणि दोन तास सहन करून मग घेतलेली नुसती पोटात पडून राहते. डॉक्टर सोबत डोम्पेरिडोन देतात ते नुसतं उलटीसाठी नाही, मंदावलेलं पोट हलवायला पण.

दाढेचं पण तसंच. "मला भूल चढतच नाही" म्हणणारे खूप येतात, आणि डेंटिस्ट समजतो पेशंट घाबरट आहे. पू झालेल्या जागी आम्ल वाढलेलं असतं, त्या आम्लात लिग्नोकेनला, म्हणजे भुलीच्या औषधाला, नसेच्या आत शिरता येत नाही. म्हणून आधी अँटिबायोटिक देऊन सूज उतरवतात, किंवा लांब नसेच्या मुळाशी इंजेक्शन देतात. परदेशात लाल केसांच्या लोकांची पण अशीच तक्रार असायची आणि कोणी मनावर घेत नव्हतं, मग २००४ मध्ये अमेरिकेत मोजलं तर लाल केसांच्या बायकांना भुलीचा गॅस काळ्या केसांच्या बायकांपेक्षा १९ टक्के जास्त लागला. केसांचा लाल रंग ज्या जीनमुळे येतो त्याचाच काहीतरी हात वेदनेत पण आहे.

आपल्याकडे लाल केस मेंदीचेच, पण आपल्याकडे विंचू आहे! महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांमुळे प्राझोसिन या प्रेशरच्या गोळीने विंचूदंशाचे पेशंट वाचायला लागले हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे, पण हे कमी लोकांना माहीत असेल की विंचू चावून गेलेल्या माणसाला नंतर कित्येक वर्षांनी सुद्धा कमरेतली भूल नीट चढत नाही अशा केसेस भारतातल्या भूलतज्ज्ञांनी २०१२ च्या सुमारास इंडियन जर्नल ऑफ अनेस्थेशियामध्ये लिहिल्यात. विंचवाचं विष नसेतल्या सोडियमच्या वाटांवर काम करतं आणि लिग्नोकेनसारखी औषधं पण तिथेच काम करतात, त्यामुळे त्या वाटाच बदलत असाव्यात असा त्यांचा अंदाज आहे. पक्कं सिद्ध झालंय असं नाही, केसेस थोड्या आहेत, पण आमच्या इथल्या जुन्या नर्स हे आधीपासून म्हणत आल्यात आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं.

आता सगळ्यात नाजूक भाग. मन. हा लिहिताना भीती वाटते कारण लगेच कोणीतरी म्हणणार, "बघा, म्हणजे मनाचेच खेळ." तसं नाहीये. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांना खोटं औषध दिलं, काहींना आराम पडला, मग त्यांना गुपचूप नॅलॉक्सोन दिलं, जे अफूसारख्या औषधांचा असर तोडतं, तर त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे खोट्या गोळीने बरं वाटलं तेव्हा मेंदू स्वतःचं अफूसारखं रसायन खरोखर सोडत होता. ऑक्सफर्डला २०११ मध्ये उलरिके बिंगेल यांनी तर अजून पुढचं केलं. माणसाच्या पायाला चटका देत रेमिफेंटानिल नावाचं अफूच्या जातीचं जोरदार औषध शिरेतून चालू ठेवलं. सांगितलं नाही तेव्हा थोडा आराम, "आता औषध चालू केलं" सांगितल्यावर आराम दुप्पट, आणि "आता बंद केलं" सांगितल्यावर, औषध तसंच चालू असताना, आराम जवळजवळ गायब. इटलीत १९४४ ला अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने जबर जखमी सैनिकांना विचारलं, तर चारातले तीन म्हणाले औषध नको, एवढं दुखत नाहीये. त्यांना जखम म्हणजे जिवंत घरी जाणं होतं. तीच जखम शेतात ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाला झाली तर त्याला कर्ज, पेरणी, पोरं सगळं त्या जखमेत दिसणार, त्याला औषध जास्त लागणारच की.

म्हणून डॉक्टरच्या हाताला गुण असतो म्हणतात ते मी थट्टेवारी नेत नाही. आणि म्हणूनच आमच्या दुकानात जनेरिक गोळी काही जणांना "लागत नाही". इंग्लंडमध्ये १९८१ साली डोकेदुखीवाल्या बायकांवर अभ्यास झाला, तीच अ‍ॅस्पिरिन ओळखीच्या कंपनीच्या पाकिटात दिली तर साध्या पाकिटातल्यापेक्षा जास्त आराम. क्रोसिन चालत नाही पण डोलो चालते म्हणणाऱ्यांचं, दोन्हीत पॅरासिटामॉलच असून, थोडं ५०० आणि ६५० मिलिग्रॅममधलं अंतर आहे, आणि थोडं हे. मी वाद घालत नाही. आराम पडतोय ना.

वाद घालते तो फक्त एकाच ठिकाणी. लागू पडली नाही म्हणून लोक दुप्पट खातात, किंवा तिन्ही प्रकारच्या एकदम. डोलो खाल्ली, अर्ध्या तासाने कॉम्बिफ्लाम, रात्री सर्दीची गोळी, तिन्हींत पॅरासिटामॉल आहे हे कोणी बघतच नाही, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं की लिव्हर धोक्यात आणि दारू पिणाऱ्याचं त्याच्या आधीच. प्रेशरची गोळी आणि लघवीची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाने वर डायक्लोफिनॅक रोज खाल्लं तर किडनी बसू शकते, आणि काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने जोरात दमा उठतो. पावसाळ्यात ताप अंगदुखी आली की डेंग्यू आहे की लेप्टो हे कळेपर्यंत पॅरासिटामॉल सोडून काही मागू नका, मी देणारच नाही. (मांजराला तर पॅरासिटामॉलचा तुकडापण नको, त्याला ते पचवताच येत नाही, मरतं. आणि गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने ती गुरं खाणारी गिधाडं किडनी जाऊन एवढी मेली की २००६ मध्ये सरकारला जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. गुराला चालतं, गिधाडाला विष. आणि आपण शेजारणीची गोळी खातो.)

जीनची टेस्ट आपल्याकडे मोठ्या शहरांत होते, पण पैसे जातात आणि आमच्या तालुक्यात तरी कोणी केलेली मी बघितली नाही. त्यापेक्षा फुकटातलं काम करा. घरातल्या प्रत्येकाचं एक पान ठेवा, मोबाइलमध्ये पण चालेल. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, कशासाठी, किती वेळाने फरक पडला, की नुसती मळमळ झाली. आईला किंवा भावाला काय झालं होतं ते पण, कारण सोलणी घराण्यातून येते. रोजच्या सगळ्या गोळ्या लिहा, डिप्रेशनची पण, दारू किती तेही खरं लिहा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलवाले डॉक्टर येऊन विचारतात तेव्हा "काही नाही डॉक्टर, सगळं नॉर्मल" न म्हणता ते पान पुढे करा. आणि विंचू चावला असेल तर तेही लिहा, हसले तर हसू देत.